माल्डी-टॉफची खरेदी: सांगलीतल्या एका विज्ञान महाविद्यालयाचं प्रकरण

रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या या यंत्राचं नाव मूळ प्रस्तावात एका ओळीत होतं: ‘माल्डी टॉफ-टॉफ मास स्पेक्ट्रोमीटर, एक नग, संशोधन व अध्यापनासाठी.’ सोबतचे तीन पानी तांत्रिक तपशील दुसऱ्या एका संस्थेच्या जुन्या निविदेतून जसेच्या तसे उतरवलेले. मागणी रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान या तीन विभागांची मिळून होती, अनुदान मंजूर होतं आणि आर्थिक वर्ष संपायला सात महिने उरले होते. खरेदी समितीवरच्या बाहेरच्या तज्ज्ञांनी पहिल्या बैठकीत तपशिलांना हातच लावला नाही. त्यांनी तिन्ही विभागांकडून एक यादी मागवली: पुढच्या दोन वर्षांत या यंत्रात कोणकोणते नमुने घालणार, त्यांचं अंदाजे वस्तुमान किती, ते कशात विरघळतात आणि महिन्याला किती येतील.

यादीला तीन आठवडे लागले. सगळ्या खरेदीत सर्वांत मोलाचे हेच तीन आठवडे, कारण कोणतं यंत्र घ्यायचं ते तिथेच बदललं.

यादीतून काय गळलं

माल्डीत नमुना मॅट्रिक्स नावाच्या पदार्थात, बहुधा एखाद्या सेंद्रिय आम्लात, मिसळून पोलादी प्लेटवर थेंबाथेंबाने वाळवतात. त्यावर अतिनील लेझरचा काही नॅनोसेकंदांचा झोत पडला की मॅट्रिक्स ती ऊर्जा शोषून उडतं आणि नमुन्याचे मोठे रेणू न मोडता सोबत वर नेतं. बहुतेकांवर एकच प्रभार बसतो. मग २० किलोव्होल्टच्या आसपास दाब देऊन हे आयन (प्रभारित रेणू) निर्वात नळीतून पळवायचे आणि कोण किती वेळात टोकाला पोचतो ते मोजायचं; हलका आधी, जड नंतर. हेच टॉफ, म्हणजे ‘टाइम ऑफ फ्लाइट’. त्यातून मिळणाऱ्या आलेखाला वर्णपट म्हणतात, आणि प्रत्येक वस्तुमानाला त्यात एक शिखर येतं. करास आणि हिलेनकॅम्प यांनी १९८५ मध्ये या पद्धतीला नाव दिलं. कोइची तनाका यांनी १९८८ मध्ये कोबाल्टची अतिसूक्ष्म पूड ग्लिसरॉलमध्ये कालवून मोठी प्रथिनं उडवून दाखवली आणि २००२ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. दोन्हीकडे किमया लेझरइतकीच नमुना कशात कालवला याची आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने काही नमुने या यंत्राला मानवत नाहीत.

रसायनशास्त्राच्या यादीत सर्वांत जास्त संख्या होती विद्यार्थ्यांनी बनवलेल्या २०० ते ५०० डाल्टनच्या सेंद्रिय रेणूंची (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक, हायड्रोजनचा अणू सुमारे एक). नेहमीचं मॅट्रिक्स, म्हणजे सीएचसीए, स्वतःच १९०, २१२ आणि ३७९ ला ठसठशीत शिखरं देतं. त्या गर्दीत नव्या रेणूचं शिखर शोधणं म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत हाक मारणं. अशा रेणूंना इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे द्रावण विद्युतदाबाखाली फवारून आयन करण्याची पद्धत लागते, आणि त्यासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात सामाईक उपकरण केंद्र आहे, जेमतेम पन्नास किलोमीटरवर. हे नमुने तिकडे पाठवायचे ठरले.

हळदीचं नाव गाळायला मात्र कुणी सहज तयार होईना. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि प्रस्तावाचं पहिलं पान तिच्यावरच होतं. हळदीतलं पिवळं द्रव्य म्हणजे करक्युमिन; त्याचं आयन ३६९.१३ ला येतं, त्याची दोन भावंडं ३३९ आणि ३०९ ला. करक्युमिन स्वतः अतिनील प्रकाश शोषत असल्याने मॅट्रिक्सशिवायही ते दिसतं, म्हणजे ‘आहे की नाही’ याचं उत्तर मिळतं. पण बाजार समितीतला व्यापारी असो वा संशोधक, त्याला हवे असतात टक्के. माल्डीत एकाच थेंबाच्या दोन कोपऱ्यांत शिखराची उंची दुप्पट-तिप्पट बदलू शकते. आंतरिक मानक, म्हणजे ज्ञात प्रमाणातला तुलनेचा पदार्थ, न घालता त्यावरून टक्केवारी सांगणं चूक आहे. द्रावणातले घटक वेगळे करून ४२५ नॅनोमीटरला मोजणारं एचपीएलसी यंत्र हे काम कितीतरी कमी पैशांत आणि अधिक विश्वासाने करतं, आणि ते विभागात आधीपासून होतं.

द्राक्षांच्या बाबतीत चूक वेगळी होती. यादीत केवडा आणि भुरी हे दोन्ही रोग होते. या दोन्हींचे रोगकारक जिवंत पानावरच वाढतात, आगरच्या प्लेटवर त्यांची वसाहत मिळत नाही. आणि माल्डीवरची सूक्ष्मजीव ओळख शुद्ध, ताज्या वसाहतीवर उभी असते. उलट बेदाण्यावरच्या अॅस्परजिलस बुरशा, द्राक्षबागेच्या मातीतले जिवाणू आणि दुधातले जिवाणू या कामाला अगदी योग्य.

उरलं ते असं: सूक्ष्मजीवांची ओळख (२,००० ते २०,००० डाल्टनमध्ये), शुद्ध प्रथिनं व पेप्टाइडं, आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पॉलिस्टायरीनसारखे पॉलिमर. यातल्या जवळपास सगळ्याला रेषीय (आयन नळीतून सरळ जातात) आणि रिफ्लेक्ट्रॉन (विद्युत आरशातून परतवून अधिक नेमके मोजतात) अशा दोन्ही रीती असलेलं साधं टॉफ पुरतं. टॉफ-टॉफ, म्हणजे आयन मोडून तुकडे मोजण्याची सोय, फक्त जैवतंत्रज्ञानाच्या काही पचवलेल्या, म्हणजे विकराने तुकडे केलेल्या, प्रथिन-मिश्रणांना लागणार होती. त्यांची हरकत रास्त होती: प्रथिनं वेगळी करण्याच्या जेलवरच्या एका ठिपक्यात दोन-तीन प्रथिनं असली तर नुसत्या पेप्टाइडांच्या वस्तुमानांवरून ती वेगळी ओळखता येत नाहीत. पण वर्षाला मोजके असे नमुने बाहेर पाठवणं स्वस्त पडतं. वाचलेला पैसा देखभाल करार, यूपीएस आणि खोलीकडे वळवला. आमच्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच.

तपशील लिहिताना

उतरवलेल्या निविदेत लेझर ‘१०,००० हर्ट्झ’ मागितला होता. एवढा वेग ऊतींच्या कापांचं चित्रण करायला लागतो, जिथे लाखो बिंदू मोजायचे असतात. इथे गणित सोपं आहे. ९६ थेंबांची प्लेट, प्रत्येक थेंबावर ५०० झोत, म्हणजे ४८,००० झोत. ६० हर्ट्झला ते १३-१४ मिनिटांत होतात, २०० हर्ट्झला चार मिनिटांत. वर प्लेट सरकायचा वेळ. वेगापेक्षा आयुष्य बघायला हवं. ३३७ नॅनोमीटरच्या नायट्रोजन लेझरची नळी दोन कोटी झोत चालली असं धरलं तर ४१६ प्लेटी होतात. आठवड्याला दोन प्लेटी करणाऱ्या प्रयोगशाळेला चार वर्षं, रोज प्रात्यक्षिकं घेणाऱ्याला दोन वर्षंही नाहीत. ३५५ नॅनोमीटरचा घनस्थिती लेझर याच्या कित्येक पट टिकतो. म्हणून निविदेत वेगाचा आकडा न घालता ‘घनस्थिती लेझर, आयुष्याची लेखी हमी झोतांच्या संख्येत, आणि ९६ थेंबांची प्लेट अमुक मिनिटांत’ असं लिहिलं. निविदापूर्व बैठकीत एकाच उत्पादकाला सोयीचा आकडा असल्याची तक्रार यायची होती, तीही यामुळे टळली.

पृथक्करण क्षमता म्हणजे जवळजवळची दोन शिखरं वेगळी दाखवण्याची क्षमता. तिचा आकडा मागताना तो कोणत्या वस्तुमानाला आणि कोणत्या रीतीत हे सांगितलं नाही, तर पुरवठादार आपल्याला सोयीचा बिंदू निवडतो. इथे असं लिहिलं: रिफ्लेक्ट्रॉन रीतीत एसीटीएच १८-३९ या चाचणीच्या पेप्टाइडाच्या २४६५.२० शिखरावर किमान १५,०००. रेषीय रीतीत इन्सुलिनच्या ५७३४ शिखरावर वेगळा आकडा. वस्तुमानाची अचूकता आंतरिक आणि बाह्य अंशांकनाने वेगवेगळी (अंशांकन म्हणजे ज्ञात वस्तुमानाच्या पदार्थावरून मोजपट्टी जुळवणं; तो नमुन्यातच मिसळला तर आंतरिक, वेगळ्या थेंबात लावला तर बाह्य). संवेदनशीलतेला पेप्टाइडाचं नाव, प्लेटवर पडलेले फेम्टोमोल आणि झोतांची संख्या, तिन्ही लिहिली. ‘५ लाख डाल्टनपर्यंत’ ही मागणी काढून टाकली. नळीत जड आयनही उडतात, पण ते संथ असल्याने मायक्रोचॅनल प्लेटचा शोधक (डिटेक्टर) त्यांना नीट ओळखत नाही, त्यामुळे कागदावरची ही मर्यादा प्रत्यक्षात फारशी उपयोगाची नसते.

सॉफ्टवेअरचा भाग सहसा घाईत उरकला जातो आणि पुढे तिथेच संस्था अडकते. मागितलेल्या चार गोष्टी अशा: सूक्ष्मजीव ओळखीच्या संग्रहाचा (ज्या ज्ञात वर्णपटांशी नमुना ताडतात त्यांचा) परवाना कायमचा, वार्षिक नूतनीकरणाचा नको, स्वतःचे वर्णपट त्यात घालण्याची मुभा, कच्ची माहिती एमझेडएमएल या खुल्या रूपात बाहेर काढता यावी, आणि यंत्राला न जोडलेल्या संगणकांसाठी किमान दहा परवाने. शेवटची अट अध्यापनासाठी. तीस विद्यार्थ्यांची तुकडी यंत्राभोवती उभी राहून काही शिकत नाही. प्लेट चार जणांनी भरायची आणि वर्णपट सगळ्यांनी आपापल्या संगणकावर सोडवायचा.

प्लेटींची संख्याही लिहावी लागते. एक पोलादी प्लेट फुकट येते, आणि ती धुण्यात अर्धा दिवस जातो. इथे चार मागितल्या.

पैसे

मूळ अंदाजपत्रकात जीएसटी ५ टक्के धरला होता. संशोधन संस्थांना मिळणारी ती सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली आहे आणि दर १८ टक्के आहे. म्हणजे करपूर्व प्रत्येक कोटीमागे १३ लाखांचा खड्डा. जुन्या प्रस्तावांवरून आकडे उचलणाऱ्या अनेक ठिकाणी हाच खड्डा शेवटच्या महिन्यात सापडतो आणि मग प्लेटी, यूपीएस, प्रशिक्षण असं सगळं कापलं जातं. इथे तो वेळेत सापडला आणि टॉफ-टॉफ सोडल्यामुळे भरूनही निघाला.

निविदा रुपयांत काढली: सांगलीत पोच, बसवून, चालवून. विनिमय दराची जोखीम त्यामुळे पुरवठादाराकडे राहिली. तांत्रिक आणि आर्थिक बोलीचे दोन लिफाफे ठेवले. वॉरंटी संपल्यावरच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभाल कराराचा दर दुसऱ्या लिफाफ्यातच मागितला आणि सर्वांत कमी बोली ठरवताना तो धरला. असा करार वर्षाला यंत्राच्या किमतीच्या ५ ते १० टक्के पडतो. तो नंतर वाटाघाटीला ठेवला तर वाटाघाट करायला हातात काहीच उरत नाही. करारात लेझर, शोधक, निर्वात राखणारा टर्बो पंप आणि उच्चदाब वीजपुरवठा ही चार नावं स्पष्ट लिहून घेतली. ‘उपभोग्य वस्तू वगळून’ या तीन शब्दांत यातलं काहीही बसवता येतं. वॉरंटी पोचल्यापासून न धरता स्वीकृती चाचणीवर सही झाल्याच्या दिवसापासून धरायची, हेही त्यात होतं.

खोली

सांगलीत यंत्र तळमजल्यावर ठेवायचं का, हा प्रश्न कृष्णेलाच विचारावा लागतो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपलीकडे गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा शहरात शिरलं. खोली पहिल्या मजल्यावर घेतली. वजनाची भीती होती, पण टेबलावरचं टॉफ साधारण शंभर किलोच्या आतबाहेर असतं. ठोकळ्याचं मजबूत टेबल पुरतं. लिफ्टचं दार मात्र पेटीपेक्षा अरुंद निघालं. पुरवठादाराच्या अभियंत्याविना पेटी उघडली तर वॉरंटी जाते, म्हणून जिन्याने वर चढवायची माणसं आणि पट्टे आधी ठरवावे लागले. दाराची, जिन्याच्या वळणाची आणि पेटीची मापं निविदेआधी घेतली असती तर हे टळलं असतं. रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांच्या कंपनांची एका सदस्यांना काळजी होती; इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला ती हवी, टॉफला तिचा बाऊ नको.

अर्थिंगकडे मात्र दुर्लक्ष चालत नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब २ व्होल्टच्या खाली हवा. इथे तो ९ भरला. काळ्या मातीतला जुना खड्डा उन्हाळ्यात भेगाळून कोरडा पडला होता. रासायनिक भरावाचे दोन नवे खड्डे घेतल्यावर आकडा दीड व्होल्टच्या आत आला. यूपीएस ६ केव्हीएचा ऑनलाइन, एका तासाच्या बॅटरीचा. एसी दोन, टायमरवर आळीपाळीने चालणारे. पावसाळ्यासाठी आर्द्रताशोषक वेगळा, कारण जुलैत थंड खोलीत बाहेरची दमट हवा शिरली की पाणी सुटतं आणि शोधकाला ओल सोसत नाही.

पोच सप्टेंबरनंतरच घ्यायची ठरली. पावसात खंबाटकी घाटातून येणारी पेटी आणि पुराच्या सूचना एकाच आठवड्यात नकोत. पेटीवरचे धक्का व कल दाखवणारे स्टिकर उतरवताना तपासले, फोटो काढले आणि मगच पावतीवर सही केली.

स्वीकृती चाचणी आणि तिसरी दुपार

यंत्र बसवल्यावर निर्वात तयार व्हायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी २४६५.२० वर अपेक्षेपेक्षा चांगली पृथक्करण क्षमता मिळाली. पुरवठादाराला तिथेच सही हवी होती. समितीने ती दिली नाही, कारण निविदेत चाचणी सलग पाच दिवसांची होती आणि तिच्यात संस्थेचे स्वतःचे वीस जिवाणू होते, नावं झाकलेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी तेच शिखर सुमारे अर्ध्या डाल्टनने वर सरकलेलं दिसलं. कारण यंत्रात नव्हतं. आदल्या संध्याकाळी साडेपाचला शिपायाने नेहमीप्रमाणे इमारतीचा मुख्य स्विच बंद केला होता. यूपीएसने तासभर तग धरला, मग टर्बो पंप थांबला, एसी तर आधीच बंद. सकाळी निर्वात पुन्हा जमवलं, पण एकच एसी सुरू झाला आणि दुपारी खोली २९ अंशांवर गेली. हिशेब जुळतो. १००० डाल्टनचा आयन २० किलोव्होल्टला सेकंदाला ६२ किलोमीटर वेगाने जातो, एक मीटर नळी १६ मायक्रोसेकंदांत पार करतो. पोलादी नळी दर अंशाला मीटरमागे सुमारे १७ मायक्रोमीटर लांबते, म्हणजे वेळ दशलक्षात १७ भागांनी वाढतो. वस्तुमान वेळेच्या वर्गावर असल्याने ते ३४ भागांनी जास्त दिसतं. नेहमीच्या २२ पेक्षा खोली सात अंशांनी वर, म्हणून सुमारे २४० भाग, आणि २४६५ वर ०.६ डाल्टन. खोलीसाठी थेट मुख्य पॅनेलवरून वेगळी वायर ओढली, तिच्या स्विचला कुलूप लावलं आणि चाचणीचे पाच दिवस पहिल्यापासून मोजले.

झाकलेल्या वीसांत बहुतेकांना प्रजातीपर्यंतचे २.० वरचे गुण मिळाले. द्राक्षबागेच्या मातीतले मात्र ‘ओळख नाही’ असे आले. हा दोष यंत्राचा म्हणता येत नाही. विकत मिळणारे संग्रह मुख्यतः रुग्णालयातल्या जिवाणूंवर बांधलेले असतात. यावर उपाय स्वतःच्या संग्रहाचाच: १६-एस जनुकाने ओळख पक्की केलेला जिवाणू घ्यायचा, आठ थेंब, प्रत्येकी तीन वाचनं, अशा चोवीसांतून किमान वीस स्वच्छ वर्णपट निवडून नोंद घालायची. बॅसिलस असेल तर वसाहत रात्रभराचीच हवी. जुनी झाली की बीजाणू तयार होतात आणि वर्णपट बदलतो. ई. कोलाय आणि शिगेला यांना हे यंत्र खात्रीने वेगळं करत नाही, हे मार्गदर्शिकेत पहिल्या पानावर छापलं आहे.

विद्यार्थ्यांच्या हातात

पहिल्या सत्रात तीन चुका पुन्हा पुन्हा झाल्या. शिखर दिसलं नाही की विद्यार्थी लेझरची शक्ती वाढवतात. शिखर येतं, पण रुंद होतं, आणि उडालेलं मॅट्रिक्स आयन-स्रोताच्या पट्ट्यांवर साचतं. नियम असा केला की मॅट्रिक्सची शिखरं जेमतेम दिसू लागतात त्या उंबरठ्याच्या १०-१५ टक्के वर थांबायचं आणि आकडा नोंदवहीत लिहायचा. दुसरी चूक फॉस्फेट बफर या क्षारयुक्त द्रावणातलं प्रथिन तसंच लावण्याची. सोडियममुळे २२ आणि पोटॅशियममुळे ३८ डाल्टन वर पिल्लं उगवतात आणि मूळ शिखर खचतं. सी-१८ भरलेल्या पिपेटच्या टोकातून नमुना धुऊन घेतला की काम होतं. तिसरी, जिवाणूची वसाहत जाड फासणं. टूथपिकने लावलेला थर डोळ्यांना जेमतेम दिसावा, त्यावर ७० टक्के फॉर्मिक आम्लाचा एक मायक्रोलिटर, वाळल्यावर मॅट्रिक्सचा एक.

पेप्टाइडांसाठी सीएचसीए दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, अर्धं अॅसिटोनायट्राइल, ०.१ टक्का टीएफए (ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल), आठवड्याला ताजं. एप्रिलच्या कोरड्या उन्हात थेंब क्षणात वाळून स्फटिक बारीक होतात, जुलैत तोच थेंब दहा मिनिटं ओला राहतो. म्हणून प्लेट एसीच्या खोलीतच वाळवायची.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलची शिडी, ४४.०३ डाल्टनच्या पायऱ्या, हे पहिलं प्रात्यक्षिक. दुसरं दुधाचं, आणि ते सर्वांत रंगतं. दूध पाण्यात शंभरपट पातळ करून सिनॅपिनिक आम्लात लावलं की रेषीय रीतीत अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन १४,१७८ ला दिसतं. त्यापुढे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनच्या दोन रूपांची दोन शिखरं येतात, १८,२७७ आणि १८,३६३. अंतर ८६ डाल्टन. विद्यार्थ्यांना अमिनो आम्लांचा तक्ता देऊन ते सोडवायला सांगतात: अॅलानिनच्या जागी व्हॅलिन म्हणजे २८, ग्लायसिनच्या जागी अॅस्पार्टिक आम्ल म्हणजे ५८. तापवलेल्या दुधात कधीकधी ३२४ ने पुढे आणखी एक शिखर निघतं. ती प्रथिनाला चिकटलेली दुग्धशर्करा. डेअरीच्या एकत्र केलेल्या दुधात दोन्ही रूपं असतात, एकेका गाईच्या दुधात कधी एकच, कधी दोन्ही. म्हणून आता प्रात्यक्षिकाच्या दिवशी मिरज रोडवरच्या एका गोठ्यातून पाच गाईंचं कच्चं दूध पाच वेगळ्या बाटल्यांत, बर्फात ठेवून आणतात, आणि कोणत्या बाटलीत कोणतं रूप आहे ते तुकडीने दुपारपर्यंत सांगायचं असतं.